डागडुजीला कोणी वाली आहे काय?

मे महिना सरत आला की मुंबई, ठाणे, पुणे यांसारख्या शहरांतून धोकादायक इमारतींच्या याद्या प्रसिद्ध होऊ लागतात. यादीत नाव आलेल्या इमारतीच्या दारावर नोटीस डकवली जाते, रहिवाशांना घर सोडण्यास सांगितले जाते, प्रसंगी पाणी आणि वीज तोडली जाते. तरीही अनेक कुटुंबे जात नाहीत, कारण जायचे कोठे याचे उत्तर त्यांच्यापाशी नसते. पुढे एखाद्या मुसळधार रात्री यादीतली किंवा यादीबाहेरची एखादी इमारत कोसळते. मग मदतीची घोषणा होते, चौकशी समिती नेमली जाते, आणि पुढच्या मे महिन्यात नवी यादी निघते.

या वार्षिक क्रमात एक साधा प्रश्न विचारायचा राहून जातो. ही इमारत एका रात्रीत धोकादायक झालेली नसते. पन्हळ फुटून पावसाचे पाणी तुळईच्या टोकाशी मुरू लागले, भिंतीच्या फटीत पिंपळाने मूळ धरले, चार कौले सरकली आणि वाशाला वाळवी लागली, तेव्हा त्या बिघाडाची दुरुस्ती काही शे किंवा काही हजार रुपयांत होण्यासारखी होती. ती का झाली नाही? पैसा नव्हता, परवानगीची भीती होती, कारागीर मिळाला नाही, की पुनर्विकास होणारच आहे तर खर्च कशाला, असा हिशेब झाला? बहुधा ही सारीच कारणे एकत्र आलेली असतात. आपल्या गृहनिर्माण धोरणाला नवे घर कळते आणि पाडावयाचे घर कळते. या दोहोंच्या मधल्या चाळीस-पन्नास वर्षांत घर उभे ठेवणारी जी रोजची डागडुजी, तिची दखल त्या धोरणात जवळजवळ नाही. जुनी घरे पडण्याचे मोठे कारण तेथे आहे.

दुरुस्ती हा बांधकामाचाच भाग

लाकूड, माती, चुना आणि कौले यांनी बांधलेले घर वर्षानुवर्षे हात लावल्याविना उभे राहावे, अशी अपेक्षा ते बांधणाऱ्यानेही कधी केली नव्हती. कोकणात पावसापूर्वी घर शाकारणे हे शेतीच्या कामाइतकेच नेमाचे काम होते. कौले उतरवायची, फुटलेली बाजूला काढायची, रिपा आणि वासे ठोकून पाहायचे, कुजलेले बदलायचे आणि कौले पुन्हा नीट चढवायची. मंगळूर येथे बासेल मिशनने १८६५ साली कौलांचा कारखाना काढला आणि पुढे नळ्यांच्या जागी मंगळुरी कौले आली, तरी हा नेम सुटला नाही. ही कामे घरची माणसे आणि शेजारीच करीत. सुताराला बोलावणे जाई ते फक्त आढे किंवा मोठा वासा बदलावयाचा असेल तेव्हा.

मराठवाडा आणि सोलापूरकडच्या माळवदाच्या घरांचा नेम वेगळा, पण तत्त्व तेच. पावसाळ्याआधी छतावर पांढऱ्या मातीचा थर टाकून तो चोपायचा, पाणी वाहून जाण्याचा उतार राखायचा, भिंतींचे पोपडे लिंपायचे. पुण्यातील वाड्यांत कडीपाटाची छते, सागवानी खांब आणि चुन्याचा गिलावा असे. तेथे पन्हळी साफ ठेवणे, खांबाच्या तळखड्याशी ओल येऊ न देणे, चुन्याची सफेदी वेळच्या वेळी काढणे, ही कामे चुकली नाहीत तोवर वाडे शंभर-दीडशे वर्षे सहज टिकले.

वय हेच कोसळण्याचे कारण असते, तर नव्या इमारती पडल्या नसत्या. महाड येथे २४ ऑगस्ट २०२० रोजी कोसळून १६ जणांचा बळी घेणारी इमारत अवघी काही वर्षांची होती. विरार येथे ऑगस्ट २०२५ मध्ये १७ जणांचे प्राण घेणारी इमारतही जुनी म्हणावी अशी नव्हती. नवी इमारत पडते तेव्हा बांधकामातील लबाडी शोधावी लागते. जुनी इमारत पडते तेव्हा मात्र तिच्या दुरुस्तीची साखळी कोठे तुटली, हे पाहावे लागते.

साखळी कोठे तुटली?

मुंबईत ती तुटण्याचा इतिहास कायद्यांत नोंदलेला आहे. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने जुन्या घरांची भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधून टाकली. फाळणीनंतरच्या टंचाईच्या काळात भाडेकरूला संरक्षण देणे आवश्यकच होते. तथापि तात्पुरत्या म्हणून केलेल्या कायद्याला पन्नास वर्षे मुदतवाढ मिळत राहिली. विटा, लाकूड, मजुरी यांचे भाव अनेक पटींनी वाढले आणि भाडे होते तेथेच राहिले. घरमालकाने दुरुस्तीतून अंग काढून घेतले ते याच काळात. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली गोठवलेल्या भाड्याच्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी ठरल्याचे म्हटले. त्यानंतर १९९९ चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि भाड्यात वर्षाला चार टक्के वाढ करण्याची मुभा मिळाली. परंतु मूळ आकडाच इतका लहान होता की, त्या वाढीने दुरुस्तीचा खर्च भागणे शक्य नव्हते.

याच कायद्याचे चौदावे कलम मुद्दाम वाचण्यासारखे आहे. घर राहण्यायोग्य स्थितीत ठेवणे हे, वेगळा करार नसेल तर, घरमालकाचे कर्तव्य आहे, असे ते सांगते. मालकाने ते केले नाही, तर नोटीस देऊन पंधरा दिवसांनी भाडेकरूने स्वतः दुरुस्ती करावी आणि तो खर्च भाड्यातून वळता करावा, अशी मुभाही ते देते. स्वतःच्या हाताने घर सावरण्याचा हक्क कायद्याने मान्य केला, असे येथवर वाटते. पुढची अट मात्र अशी की, एका वर्षात वळती करावयाची रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून अधिक असता कामा नये. महिना दोनशे रुपये भाडे असलेल्या खोलीचे वर्षाचे भाडे २,४०० रुपये. त्याचा चौथा हिस्सा ६०० रुपये. गवंडी आणि त्याच्या हाताखालचा बिगारी यांची एका दिवसाची मजुरीही आज त्यात निघत नाही. हक्क कागदावर राहिला आणि गळती भिंतीत राहिली.

मालक करीत नाही आणि भाडेकरूला परवडत नाही, म्हणून दुरुस्ती सरकारने अंगावर घेतली. १९६९ च्या कायद्याने मुंबई शहरातील जुन्या इमारतींवर दुरुस्ती उपकर बसवला आणि दुरुस्ती मंडळ अस्तित्वात आले. पुढे ते म्हाडात विलीन झाले. प्रारंभी अशा उपकरप्राप्त इमारतींची संख्या १९,६४२ होती. मंडळाने हजारो इमारतींना टेकू दिले, गर्डर घातले, जिने बदलले, हे नाकारता येणार नाही. पण या व्यवस्थेत दोन दोष राहिले. एक तर मंडळाची दुरुस्ती इमारत पुरती खिळखिळी झाल्यावर होते. गळती लागल्याबरोबर ती थांबवणारी यंत्रणा त्यात नाही. दुसरे म्हणजे दर चौरस मीटरमागे खर्चाची मर्यादा ठरलेली असते आणि ती ओलांडली की इमारत दुरुस्तीपलीकडची ठरते. ज्या बिघाडाकडे वीस वर्षे पाहिले गेले नाही, तो ही मर्यादा ओलांडणार हे उघडच आहे.

मग येतो पुनर्विकास. वाढीव चटईक्षेत्राच्या मोबदल्यात विकासकाने जुन्या रहिवाशांना मोफत घर द्यावे, हे सूत्र १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ३३(७) या तरतुदीने रूढ केले. म्हाडा कायद्यात २०२२ साली आलेल्या ७९-अ या कलमाने मालकाला सहा महिने, तो पुढे न आल्यास रहिवाशांच्या संस्थेला सहा महिने आणि त्यानंतर म्हाडाला पुढाकार, असा क्रम घालून दिला. अडलेल्या इमारतींना यातून वाट मिळू शकते. परंतु पुनर्विकासाच्या नुसत्या आशेचाही एक परिणाम असतो. जी इमारत उद्या पडणार, तिच्यावर आज कोणीच खर्च करीत नाही. भेंडीबाजारातील हुसैनी इमारत ३१ ऑगस्ट २०१७ रोजी कोसळली आणि ३३ जण दगावले. ती मोठ्या समूह पुनर्विकास योजनेत समाविष्ट होती. काही कुटुंबे संक्रमण शिबिरात गेली होती, काही तेथेच राहत होती. पुनर्विकासाचा निर्णय आणि प्रत्यक्ष स्थलांतर यांच्या मधल्या वर्षांत इमारत सांभाळायची कोणी, या प्रश्नाचे उत्तर आजही नियमांत ठळकपणे सापडत नाही.

स्वतःच्या मालकीचे घर, तरीही

हा केवळ भाडेकरूंचा प्रश्न आहे असे समजण्याचे कारण नाही. कोकणातील घराला भाडेकरू नसतो, भाडेनियंत्रणही आड येत नाही. तेथे अडचण निराळी. घर आजोबांच्या नावे, वारस सात, त्यांपैकी पाच मुंबई-पुण्यात. वासे बदलायचे तर खर्चाची वाटणी कशी करायची, आणि ज्याने खर्च केला त्याचा हक्क वाढतो काय, या वादात दोन पावसाळे जातात. गणपतीला चार दिवस उघडणारे घर उरलेले वर्षभर बंद असते, आणि बंद घराला वाळवी लवकर लागते. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने रायगड आणि रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील घरांची छपरे उडवली, तेव्हा छप्पर परत चढवायला पावसाआधीचे मोजकेच दिवस हाती होते. अनेकांनी कौलांचा नाद सोडून पत्रे घातले, कारण तेच झटपट होण्यासारखे होते.

सरकारी अर्थसाहाय्याचा ओघही दुरुस्तीकडे वळत नाही. पूर्वीच्या इंदिरा आवास योजनेत निधीचा २० टक्क्यांपर्यंतचा हिस्सा जुन्या कच्च्या घरांच्या सुधारणेसाठी वापरता येत असे. २०१६ साली तिच्या जागी आलेल्या प्रधानमंत्री ग्रामीण आवास योजनेचा सारा भर नवे पक्के घर बांधण्यावर राहिला. प्राप्तिकरातही तोच कल दिसतो. जुन्या करप्रणालीत स्वतः राहत असलेल्या घराच्या खरेदी वा बांधकामासाठी काढलेल्या कर्जाच्या व्याजावर दोन लाख रुपयांपर्यंत वजावट मिळते, तर दुरुस्तीसाठी काढलेल्या कर्जाच्या व्याजावर फक्त तीस हजारांपर्यंत. ही सहाव्या हिश्शाहूनही कमी सवलत पाहिली की, राज्यकर्त्यांच्या लेखी घर बांधणे हे कर्तृत्व आहे आणि ते टिकवणे ही खासगी कटकट आहे, असाच अर्थ निघतो.

सिमेंटचा सोपा उपाय

पैसा मिळाला तरी ज्ञानाचा प्रश्न उरतोच. आज जुन्या घराला भेग पडली की गवंडी सिमेंटचा गिलावा सुचवतो. घरमालक स्वतः काम करणार असेल तर तोही दुकानातून सिमेंटची गोणी आणि ओल रोखणाऱ्या रंगाचा डबा आणतो. दोघांचाही हेतू चांगलाच असतो, परंतु परिणाम बहुधा उलटा होतो. चुना आणि माती यांची भिंत ओल शोषते आणि उन्हात ती बाहेर टाकते. तिच्यावर सिमेंटचा जवळजवळ हवाबंद थर चढला की, पायातून आणि छतातून येणारे पाणी आतच कोंडते. बाहेरून भिंत कोरडी आणि गुळगुळीत दिसते. आतली माती मात्र भुसभुशीत होते आणि भिंतीत शिरलेली लाकडी टोके कुजतात. चार-पाच वर्षांनी गिलाव्याचा थर खपलीसारखा सुटतो, आणि भिंतच वाईट होती असा निष्कर्ष काढला जातो.

चुन्याचे वागणे याहून वेगळे. भट्टीत भाजलेली चुनखडी पाण्यात विरवून केलेला चुना हवेतील कर्बवायू शोषून हळूहळू पुन्हा दगडासारखा होतो. त्यात पडलेल्या केसाएवढ्या भेगा पाणी व हवा यांच्या योगाने काही अंशी आपोआप भरून येतात. वाळू, विटांची सुरखी, गूळ, हिरडा, बेलफळ यांचे प्रमाण पूर्वी प्रत्येक गावच्या गवंड्याला तोंडपाठ असे. ही विद्या संपलेली नाही. किल्ले आणि देवळांच्या जीर्णोद्धाराच्या कामांवर ती जाणणारे कारागीर आजही आढळतात. पण शनिवार पेठेतील दोन खोल्यांच्या रहिवाशाला किंवा दापोलीच्या शेतकऱ्याला तो कारागीर कोठे गाठावा, हे ठाऊक नाही. किंबहुना चुना ही वारसावास्तूंची चैन आहे असा समज रूढ झाला आहे. वस्तुतः ज्या साध्या घरात तो मूळचाच वापरलेला आहे, तेथे तो रास्त आणि टिकाऊ पर्याय ठरतो.

आपल्या हाताची मर्यादा

येथे दुसरी बाजूही स्पष्टपणे मांडली पाहिजे. घरमालकाने किंवा भाडेकरूने स्वतः केलेले प्रत्येक काम ही दुरुस्ती नसते. घाटकोपर येथील इमारत २५ जुलै २०१७ रोजी कोसळून १७ जण मृत्युमुखी पडले. तळमजल्यावर चाललेल्या फेरफारांत इमारतीच्या भार पेलणाऱ्या भागांना धक्का लावल्याचा आरोप त्या वेळी झाला होता. जुन्या चाळीत मधली भिंत काढून खोली मोठी करणे, कडीपाटावर कोबा आणि फरशी घालून मोरी किंवा संडास बांधणे, गच्चीवर पाण्याची टाकी चढवणे, ही कामे रहिवाशांना सोय म्हणून दिसतात. इमारतीच्या लेखी तो नवा भार असतो.

चांगल्या हेतूने आणि परंपरेप्रमाणे केलेली दुरुस्तीसुद्धा घातक ठरू शकते, याचे दुःखद उदाहरण किल्लारीचे आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपात लातूर आणि उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यांत हजारो माणसे झोपेतच गाडली गेली. माळवदावर दरवर्षी मातीचा नवा थर टाकताना जुना थर काढण्याचा नेम अनेक ठिकाणी सुटला होता. त्यामुळे छते कमालीची जड झाली होती. खालच्या भिंती जाड होत्या, पण आतले आणि बाहेरचे दगड एकमेकांशी सांधलेले नव्हते. धक्का बसताच भिंती फाकल्या आणि छताचे ओझे खाली आले. गळती थांबवण्यासाठी दरसाल केलेल्या मेहनतीनेच छताचे वजन वाढवले होते. हात कामसू असले तरी त्यांना जाणकाराची सोबत लागते, हा त्या पहाटेचा धडा आहे.

किल्लारीनंतर काय केले गेले, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे. पूर्ण उद्ध्वस्त झालेली ५२ गावे नव्या जागी वसवली गेली, हे सर्वांना माहीत आहे. त्याहून कितीतरी अधिक गावांत, लाखाहून अधिक घरांसाठी, जागतिक बँकेच्या साहाय्याने दुरुस्ती आणि मजबुतीकरणाचा कार्यक्रम राबवला गेला, त्याची चर्चा मात्र फारशी होत नाही. यात घर दुरुस्त करायचे ते घरमालकानेच. सरकारने हप्त्याहप्त्याने पैसा द्यायचा आणि अभियंत्याने गावात येऊन काम तपासायचे. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या पुढाकाराने महिला मंडळांतील स्त्रिया संवाद सहायक म्हणून घरोघरी माहिती पोचवीत होत्या. दगडी भिंतीत आरपार दगड बसवणे, छतावरची जादा माती उतरवणे, खांब आणि तुळईच्या जोडाला तिरपे आधार देणे, असे साधे उपाय त्यात होते. कार्यक्रमात उणिवाही होत्या. धास्तावलेल्या अनेक कुटुंबांनी जुनी भिंत मजबूत करण्याऐवजी त्या पैशांत शेजारी एक नवी खोली बांधली. तरीही पैसा, सल्ला आणि घरच्या माणसांचे श्रम या तिन्ही गोष्टी एकत्र आणता येतात, हे महाराष्ट्राने एकदा करून दाखवले आहे. त्यासाठी पुन्हा भूकंपाची वाट पाहण्याचे कारण नाही.

काय करता येईल?

पहिली गोष्ट माहितीची. मुंबई महापालिका अधिनियमाच्या ३४२ व्या कलमानुसार गिलावा, रंगकाम, फुटकी कौले बदलणे अशा किरकोळ दुरुस्तीला साधारणतः परवानगीची गरज नसते. सामान्य रहिवाशाला हे ठाऊक नसते, आणि ज्यांना ठाऊक असते त्यांपैकी काहीजण त्याच्या अज्ञानाचा फायदा घेतात. कोणते काम बिनपरवाना करता येते, कोणते अभियंत्याच्या सल्ल्यानेच करावे आणि कशाला मुळीच हात लावू नये, याचा एक पानी मराठी तक्ता प्रत्येक विभाग कार्यालयात, ग्रामपंचायतीत आणि चाळीच्या जिन्यात लागला पाहिजे. खांब, तुळई आणि भार पेलणारी भिंत यांभोवतीची रेषा त्यात ठळक हवी.

दुसरी गोष्ट कायद्याची. भाड्याच्या चतुर्थांशाची मर्यादा, निदान गळती आणि कुजलेल्या लाकडापुरती, उठवली पाहिजे. खर्च भाड्यातून अनेक वर्षांत वळता करण्याची किंवा पुनर्विकासाच्या वेळी त्याचा हिशेब मांडण्याची सोय करता येईल. घरमालकावर हा भार अन्यायाने पडू नये म्हणून दुरुस्तीशी निगडित भाडेवाढीचाही विचार व्हावा. पुनर्विकासाला मंजुरी देतानाच, रहिवासी बाहेर पडेपर्यंत जुनी इमारत सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी लेखी निश्चित केली पाहिजे.

तिसरी गोष्ट मनुष्यबळाची. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत गवंडी आणि सुतारकाम शिकणाऱ्या मुलांना चुना, माती आणि जुने लाकूड यांची ओळख करून दिली, तर त्यांना गावातच काम मिळेल. महापालिका आपल्या तपासणीत इमारतींचे सी-१, सी-२ आणि सी-३ असे वर्ग पाडते. सारे लक्ष पाडावयाच्या सी-१ इमारतींवर असते. किरकोळ दुरुस्तीच्या सी-३ इमारतींकडे पावसापूर्वी एखादा अभियंता आणि एखादा जाणता गवंडी फिरकला, तर पुढच्या काही वर्षांतील सी-१ ची यादी आपोआप आखूड होईल.

चौथी गोष्ट पैशाची. आवास योजनांतील निधीचा ठरावीक हिस्सा पुन्हा दुरुस्तीसाठी राखून ठेवणे आणि प्राप्तिकरातील तीस हजारांची मर्यादा वाढवणे, यासाठी कोणत्याही नव्या यंत्रणेची गरज नाही.

घर फिरले की घराचे वासेही फिरतात, अशी आपल्याकडे म्हण आहे. जुन्या घरांच्या बाबतीत अनुभव उलटा आहे. आधी एखादा वासा फिरतो, त्याकडे कोणी पाहत नाही, आणि मग घर फिरते. यंदाची यादी प्रसिद्ध होईल तेव्हा तिच्यात किती नावे आहेत, याची बातमी होईल. त्याच दिवशी आणखी एक आकडा सरकारला विचारला जावा. गेल्या वर्षी ज्या घरांना किरकोळ दुरुस्तीची गरज होती, त्यांपैकी किती घरांची दुरुस्ती पाऊस येण्यापूर्वी झाली?